ऑटोमॅटिक, हेमलकसा आणि 'लाइफटाइम' तेल

मंडळी, विकांताचा हा लेख जरा भांडखोर आहे, आधीच सांगून ठेवतो.

भांडण आपल्याच जमातीशी आहे. आयटीत सात-आठ वर्षं काढून, हप्त्यांवर ऑटोमॅटिक पिकअप ट्रक घेतलेली ही जमात (इसुझूची व्ही-क्रॉस, नाहीतर २०२२ साली आपल्याकडे आलेली टोयोटाची हायलक्स). गाडी दारात येऊन दोन महिने होत नाहीत तोच "गिअर जरा आळशी पडतो रे, काहीतरी लावायला हवं" सुरू होतं. मग ट्यूनिंग बॉक्स येतो. कोणीतरी बाहेरून शिफ्ट किट मागवायच्या गोष्टी करतो. आणि या सजवलेल्या गाडीची पहिली मोठी सफर ठरते ती थेट हेमलकशाला.

कल्पना वाईट नाही. लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून तिथे आहे, बघायलाच हवा. पण रस्ता काय आहे ते बघा. चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली. यातला आष्टी-आलापल्ली तुकडा २०२१ नंतर सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी गाजवला. त्यांच्या मागे खड्डे चुकवत दुसऱ्या गिअरमध्ये रांगायचं, आणि मे महिन्यात चंद्रपूरकडचा पारा पंचेचाळीसच्या वर. आलापल्लीपासून पुढे साठेक किलोमीटर जंगल: पेरमिली, ताडगाव, मग हेमलकसा. पावसाळ्यात नाल्यांना पाणी.

इथे मॅन्युअल गाडी बंद पडली तर चार माणसं धक्का मारतात. ऑटोमॅटिकला धक्का मारून चालू करता येत नाही. मागची चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढताही येत नाही, कारण गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद म्हणजे आतल्या भागांना तेल बंद. म्हणजे आपली लाखमोलाची गाडी त्या एकुलत्या एक रस्त्यावर आडवी, आणि तिला बाजूला करायला गावातली माणसं, ट्रॅक्टर, दोर. त्याच रस्त्याने पेशंट येतात-जातात. आपण तिथे काम बघायला जातो की काम वाढवायला?

आता त्या 'आळशी' गिअरकडे येऊ. ऑटोमॅटिकमध्ये एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, आणि हे सगळं तेलाच्या दाबावर चालतं. धक्का बसू नये म्हणून कंपनी तो दाब मुद्दाम हळू चढवते. जुन्या अमेरिकन ट्रकांत, जिथे सगळं स्प्रिंगा आणि व्हॉल्व्हवर चालायचं, तिथे शिफ्ट किट ही खरंच शहाणपणाची वस्तू होती. दाब वाढवा, क्लच कमी घसरू द्या, तो जास्त टिकेल. याबद्दल माझी तक्रार शून्य. पण आजच्या गिअरबॉक्समध्ये कंप्युटर आहे, तो प्रत्येक शिफ्ट मोजतो आणि पुढचा सुधारतो. तुम्ही स्प्रिंग बदललीत की तो आपल्या बाजूने दाब बदलायला लागतो. दोन डेव्हलपर एकाच फाइलवर, एकमेकांना न सांगता.

ट्यूनिंग बॉक्स तर त्याहून वाईट. बॉक्स करतो काय? डिझेलच्या रेलमधला दाब आहे त्यापेक्षा कमी आहे असं इंजिनाच्या कंप्युटरला खोटंच सांगतो. बिचारा इंजिन कंप्युटर दाब वाढवतो, टॉर्क वाढतो. पण गिअरबॉक्सच्या कंप्युटरला टॉर्कचा आकडा कळतो तो इंजिनाच्या कंप्युटरकडून, आणि तो जुनाच, कमी! त्या आकड्यावरून तो क्लच किती जोरात दाबायचा ते ठरवतो. म्हणजे प्रत्यक्षात टॉर्क जास्त, पकड जुन्या हिशोबाची. क्लच घसरतो, तापतो, जळतो. एका सर्व्हिसने दुसरीला चुकीचा डेटा दिला तर आपण ऑफिसात आकाशपाताळ एक करतो. इथे तेच पदरचे पैसे घालून करून घेतो. वा रे इंजिनिअर!

खरा शत्रू उष्णता आहे. टॉर्क कन्व्हर्टर लॉक नसताना (म्हणजे रांगताना, चिखलात, चढावर) ताकदीचा काही भाग नुसता तेल तापवण्यात जातो. समजा इंजिन ४० किलोवॅट देतंय आणि १५ टक्के गळती आहे. झाले ६ किलोवॅट. दोन किलोवॅटचे तीन गीझर एका बादलीभर तेलात लावून बघा! बऱ्याच गाड्यांत हे तेल थंड करायला रेडिएटरमधलंच पाणी वापरतात, आणि ते स्वतःच नव्वद अंशांच्या आसपास असतं. तेलाबद्दल ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

म्हणून पहिली खरेदी बॉक्सची नको. स्वस्तातला ओबीडी डोंगल घ्या आणि गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान फोनवर बघा. लॉग न वाचता पॅच टाकायचा नसतो, हे आपल्याला कोणी शिकवायला हवंय का? आकडा सारखा वर जात असेल तर रेडिएटरपुढे एक जादा ऑइल कूलर लावून घ्या, मूळ कूलरच्या पुढच्या टप्प्यात. वॉरंटीतली गाडी असेल तर आधी लेखी विचारा.

आणि ते 'लाइफटाइम' तेल. कोणाचं लाइफटाइम हो? तेलाचं, गाडीचं, की वॉरंटीचं? गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः म्हणते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला तेल बदला, आणि तोच गिअरबॉक्स गाडीत बसवणाऱ्या कंपन्या तेलाला लाइफटाइम म्हणून मोकळ्या होतात. बऱ्याच मॅन्युअलांत मागे कुठेतरी बारीक अक्षरात धूळ, ओझं, टोइंग असेल तर लवकर बदला असंही छापलेलं असतं. आपला अख्खा देश त्या बारीक अक्षरात बसतो. तेल बदलताना मात्र कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचं घाला, पातळी ठरावीक तापमानाला तपासून घ्या (अंदाजपंचे जास्त भरलं तर फेस होतो), आणि नंतर स्कॅनरवर गिअरबॉक्सचं जुनं शिकलेलं पुसून नव्याने शिकू द्या. अनेकांचा 'आळशी' गिअर एवढ्यावरच कामाला लागतो.

सगळ्यात स्वस्त गोष्ट सगळ्यात कमी लोक करतात. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला एक बारीक नळी असते. तापलेला गिअरबॉक्स नाल्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि नळीचं तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. पाणी क्लचच्या अस्तराचा गोंद सोडवतं. ती नळी लांबवून बॉनेटखाली वर बांधायची, बस्स. काही शे रुपयांचं काम. फोटोत दिसत नाही, म्हणून कोणी करत नाही :-)

(हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांसाठी. एएमटी म्हणजे साध्याच गिअरबॉक्सला लावलेला यांत्रिक हात. तिथे कूलर-बिलर काही नाही, फक्त चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका.)

"पण मग ऑटोमॅटिक जंगलात नेऊच नये," असं म्हणणारे काका लोकही आहेत. काका, खाणींतले प्रचंड डंपर जगभर ऑटोमॅटिकवर चालतात. फरक एवढाच की तिथे कोणीतरी तेलाचं तापमान बघत असतं. तुम्हीही आलापल्लीला थांबून बघा. आकडा चढलेला असेल तर इंजिन बंद करू नका. पार्किंगमध्ये टाकून चालू ठेवा, म्हणजे पंप तेल फिरवत राहील. तेवढ्यात चहा होतो. आकडा उतरला की निघा, त्याआधी नाल्यात घालू नका.