विश्लेषण : ‘सबमिट’ दाबल्यावर अर्जाचे नेमके काय होते?

गुरुकुंज मोझरीतील (ता. तिवसा, जि. अमरावती) शेतकऱ्याला शेतकरी ओळख क्रमांक हवा असो की तिथल्या महिलेला ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी करायची असो, शेवटी बोट ‘सबमिट’वरच जाते. योजनांचे पैसे आता थेट खात्यात येतात. त्यामुळे भरलेली माहिती सर्व्हरपर्यंत जशीच्या तशी पोहोचणे महत्त्वाचे ठरते.

माहिती जाते कशी?

अनेक संकेतस्थळांवर ब्राउझर अर्ज ‘जेसन’ या साच्यात बांधून पाठवतो. हा साधा मजकूर असतो : आधी रकान्याचे नाव, पुढे भरलेली माहिती. उदाहरणार्थ, ‘गाव : मोझरी’. सर्व्हरवरची स्क्रिप्ट तो उलगडते, तपासते आणि नोंदवते.

चूक कुठे होते?

पीएचपी भाषेतील स्क्रिप्टला जेसन मजकूर नेहमीच्या ‘पोस्ट’ यादीत मिळत नाही. तो कच्च्या स्वरूपात वाचून वेगळा उलगडावा लागतो. हे राहून गेले, तर अर्ज पोहोचतो. पण सर्व रकाने रिकामे दिसतात.

दुसरी अडचण बँक खाते क्रमांकाची. तो ‘संख्या’ म्हणून हाताळला, तर सुरुवातीची शून्ये गळतात. ब्राउझरची जावास्क्रिप्ट भाषा ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच्याच पूर्ण संख्या खात्रीने अचूक ठेवते; त्यापुढे शेवटचे अंक बदलू शकतात. म्हणून खाते क्रमांक अक्षरांसारखा, अवतरण चिन्हांत पाठवणे हाच सुरक्षित मार्ग.

तिसरी अडचण मराठी कीबोर्डची. त्यावरून ‘४२’ असे देवनागरी अंक गेले, तर सर्व्हरला ते ओळखता येतीलच असे नाही. ते आधी इंग्रजी अंकांत बदलून घ्यावे लागतात.

फोनवरची तपासणी पुरेशी का नाही?

ब्राउझरमधील तपासणी अर्जदाराच्या सोयीसाठी असते. ती टाळून सर्व्हरला थेट माहिती पाठवता येते. त्यामुळे प्रत्येक रकाना सर्व्हरने पुन्हा तपासायलाच हवा. चूक आढळल्यास ‘तांत्रिक अडचण’ एवढ्यावर न थांबता कोणता रकाना चुकला, हेही सांगायला हवे. नाहीतर तिवसा-मोझरीच्या अर्जदाराला सेवा केंद्राची फेरी पुन्हा पडते.

अर्जदाराने काय पाहावे?

‘यशस्वी’ हा शब्द पुरेसा नाही. अर्ज क्रमांक मिळाला का, ते पाहा. पावती उघडून खाते क्रमांकाचा प्रत्येक अंक पासबुकाशी ताडून घ्या. पडदा अडकला तर पुन्हा पुन्हा ‘सबमिट’ न दाबता आधी अर्जाची स्थिती तपासा. एकच अर्ज दोनदा नोंदवला जाऊ शकतो.