मोठी डिस्क आणि अर्धे काम

जिंतूरहून सेनगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पूर्णा नदीच्या धरणाला लागून येलदरी आहे. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की पंचक्रोशीतील पोरे मोटारसायकली काढून तिकडे निघतात. एका गाडीवर दोघे, कधी तिघे. ओला रस्ता, मध्येच म्हशी, समोरून ट्रॅक्टर. अशी एखादी फेरी झाली, कुठेतरी ब्रेक लागता लागता राहिला, की दुसऱ्या दिवशी पोरगा गॅरेजच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, "उस्ताद, माझ्या दीडशेला दोनशेवीसची डिस्क बसवून द्या."

गॅरेज चालविणारे आणि सुटे भाग विकणारे आपले बांधव या मागणीला बहुधा लगेच हो म्हणतात. धंदा आहे, गिऱ्हाईक दारात आलेले आहे. परंतु या कामात आपण काय विकतो आणि गिऱ्हाईक काय घेऊन जाते, याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे असे आम्हास वाटते.

मुळात ही हौस नवी नाही. 1983 साली फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने राजदूत 350 बाजारात आणली. तिच्या मूळ जपानी यामाहाला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे मात्र त्या जागी ड्रम आला. इंजिन वाघाचे आणि ब्रेक शेळीचा, असा तो प्रकार होता. त्या काळच्या मिस्त्रींनी या गाडीचा ब्रेक सुधारण्यासाठी काय काय खटपटी केल्या, ते जुन्या लोकांना आठवत असेल. पुढे 1999 मध्ये हिरो होंडाची सीबीझेड पुढच्या डिस्क ब्रेकसह आली, 2001 च्या अखेरीस बजाजची पल्सर आली, आणि डिस्क ही आपल्या खेड्यापाड्यातही रोजची वस्तू झाली. आज तर हा माल आपल्या अंगणातच तयार होतो. वाळूजला एंड्युरन्स कंपनी आणि चाकणला ब्रेम्बो, दोघेही मोटारसायकलींचे डिस्क ब्रेक बनवितात. माल मिळत नाही ही सबब मराठवाड्यातील कारागिराला राहिलेली नाही.

आता पल्सरचाच दाखला घेऊ. दीडशे पल्सरला वर्षानुवर्षे पुढे 240 मिलिमीटरची डिस्क असे. दोनशेवीसला 260 ची. म्हणजे व्यास 20 ने वाढला, पण मध्यापासून मोजले तर 10 मिलिमीटरच. पॅड ज्या जागी प्लेटला धरतो ती जागा मध्यापासून दूर गेली की तेवढ्याच दाबात चाकावर जोर जास्त येतो. हा फायदा किती? साधारण नऊ ते दहा टक्के. ब्रेक दुप्पट होत नाही, दीडपटही होत नाही. पोराला वाटते की आपण 220 चा ब्रेक बसविला. प्रत्यक्षात त्याने 220 ची प्लेट बसविलेली असते.

त्याच गाडीचा ब्रेक-पाइप आठ-दहा वर्षांचा असतो. रबर जुने झाले की लिव्हर दाबल्यावर पाइप फुगतो आणि हाताचा जोर पाइप फुगविण्यातच जातो. ब्रेक ऑइल तर कित्येकांनी गाडी घेतल्यापासून बदललेले नसते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 4 प्रतीचे ताजे ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेले ऑइल 155 अंशांच्या आसपासही उकळू शकते. उकळले की वाफ होते, वाफ दबते, आणि लिव्हर थेट मुठीला टेकतो. पॅडवर शॉकअपचे ऑइल गळलेले असेल तर ते आणखी वेगळेच. नवे पॅड, नवा पाइप, नवे ऑइल आणि साफ केलेला कॅलिपर एवढे केल्यावर जुन्या 240 च्या प्लेटवरच गाडी अशी थांबते की गिऱ्हाईक विचारते, नेमके काय बदलले? पण या कामात मिरविण्यासारखे काही दिसत नाही, म्हणून ते कोणी मागत नाही आणि आपणही सुचवीत नाही.

एवढे करूनही मोठी डिस्क हवीच असेल तर ते काम पुरे झाले पाहिजे. प्लेट मोठी झाली की कॅलिपर 10 मिलिमीटर बाहेर सरकावा लागतो. त्यासाठी ब्रॅकेट लागते. इथेच आपल्याकडे सर्वांत वाईट कामे होतात. भंगारातला पत्रा कापून ब्रॅकेट करणारे आहेत, शॉकअपच्या खालच्या अॅल्युमिनियमच्या नळकांड्याला वेल्डिंग मारणारेही आहेत. जोरात ब्रेक लागल्यावर चाकाचा सगळा झटका त्या ब्रॅकेटवर आणि त्याच्या दोन बोल्टांवर येतो. ते तुटले तर कॅलिपर फिरून चाकात अडकतो आणि पुढचे चाक जागीच जाम होते. पुढे काय होते ते लिहिण्याची गरज नाही. ब्रॅकेट जाड पोलादाचे, लेथवर नीट मापाने केलेले, बोल्ट 8.8 किंवा त्यावरच्या प्रतीचे, आणि प्लेट कॅलिपरच्या बरोबर मध्ये येते की नाही हे चाक फिरवून पाहिलेले, यापेक्षा कमी काही चालणार नाही.

दुसरी चूक मास्टर सिलिंडरची. कॅलिपर एका गाडीचा, मास्टर सिलिंडर दुसरीचा, आणि भोके जुळली म्हणून काम झाले असे समजायचे. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचा व्यास आणि कॅलिपरच्या पिस्टनचा व्यास यांची जोडी कंपनीने हिशेबाने जमविलेली असते. 11 मिलिमीटरच्या जागी 14 चा मास्टर सिलिंडर लावला तर दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे 62 टक्क्यांनी वाढते. तेवढ्याच ब्रेकसाठी बोटांना 62 टक्के जास्त जोर लावावा लागतो. लिव्हर दगडासारखा कडक लागतो आणि गिऱ्हाईक खूश होते की ब्रेक टाइट झाला! उलट दट्ट्या लहान पडला तर लिव्हर मुठीपर्यंत येतो आणि काम होतच नाही. म्हणून कॅलिपर ज्या गाडीचा, मास्टर सिलिंडर त्याच गाडीचा, हा नियम दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

खुद्द कंपनीने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. 2018 मध्ये बजाजने दीडशे पल्सरची दोन डिस्कवाली आवृत्ती काढली. तिला पुढे 260 ची डिस्क दिली. पण केवळ डिस्क दिली नाही. शॉकअपच्या नळ्या 31 मिलिमीटरवरून 37 च्या केल्या आणि टायरही रुंद घातले. ब्रेक वाढला की वजन पुढे झेपावते, ते पेलायला शॉकअप पाहिजे आणि रस्ता धरायला टायर पाहिजे. कारखान्यातील इंजिनिअरांना जे टाळता आले नाही ते आपल्या गॅरेजात अर्ध्या दिवसात कसे टळेल? गोटा झालेल्या अरुंद टायरवर मोठी डिस्क बसविणे म्हणजे ओल्या रस्त्यावर पुढचे चाक घसरविण्याची सोय करून देणे होय.

2019 नंतरच्या गाड्यांबद्दल तर स्पष्टच सांगतो: हात लावू नका. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचा झाला. पुढच्या चाकावरची दातेरी चकती आणि सेन्सर यांतील अंतर, दात्यांची संख्या, हे सारे ठरलेले असते. ते बिघडले की ऐन वेळी ब्रेक सुटतो.

आता कायद्याची बाजू. आरसी बुकात डिस्कचा व्यास लिहिलेला नसतो, मग हरकत कसली, असे म्हणणारे बाजारात पुष्कळ भेटतात. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 वाहनातील फेरफारांसंबंधी आहे. कंपनीने ठरविलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ नुसार परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनीही फेरफारावर बोट ठेवल्याशिवाय राहत नाही. तेव्हा जुन्या ड्रमवाल्या गाडीला डिस्क बसविण्यासारखे मोठे काम आले तर मालकाला आधी परभणीच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारायला लावावे. गिऱ्हाईक चिडून दुसऱ्या गॅरेजात जाईल. जाऊ द्यावे.

सुटे भाग विकणाऱ्यांसाठीही दोन शब्द. वापरलेला कॅलिपर अपघाताच्या गाडीचा असू शकतो आणि चोरीच्या गाडीचाही. कोणाकडून घेतला, केव्हा घेतला, याची पावती नसेल तर पोलीस दारात आल्यावर आपल्याजवळ बोलायला काही राहत नाही. आपल्या नावावर आणि आपल्या मोहल्ल्यावर शिंतोडे उडायला एवढे निमित्त पुरते. आणि एकटी प्लेट मागणाऱ्याला एकटी प्लेट देऊ नये. कॅलिपर, मास्टर सिलिंडर, पाइप, पॅड आणि बँजो बोल्टचे नवे वॉशर असा जोड सांगावा. परवडत नाही म्हणाला तर पॅड, पाइप आणि ऑइल एवढेच विकावे. नफा थोडा कमी होईल.

शागिर्दाच्या हाती हे काम कधी सोडू नये. एअर काढून झाल्यावर लिव्हर एक मिनिट दाबून धरावा आणि हळूहळू खाली जातो का ते पाहावे. मग उस्तादाने स्वतः मोकळ्या रस्त्यावर, आधी वीसच्या वेगाने आणि नंतर चाळीसच्या, गाडी चालवून पाहावी. बिलावर कोणत्या गाडीचा कोणता भाग बसविला ते लिहावे, खाली गिऱ्हाइकाची सही घ्यावी, आणि काढलेली जुनी प्लेट व कॅलिपर पिशवीत घालून त्याच्याच हाती द्यावेत.