रिकाम्या हातांनी

जबलपूरहून कटनीकडे जाताना वाटेत पनागर हे गाव लागते. 1896-97 च्या दुष्काळात हा सारा मुलूख होरपळून निघाला होता. त्या दिवसांत पुण्याहून एक मराठी बाई मध्य प्रांतात आल्या. उपाशी मुली आणि निराधार विधवा त्यांनी गोळा केल्या आणि सुमारे 300 जणींना त्या आपल्याबरोबर घेऊन गेल्या. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

दुसऱ्याला उचलण्यासाठी वाकावे लागते. रमाबाई मात्र त्याआधीच देवापुढे वाकायला शिकल्या होत्या, आणि ते त्यांना सोपे गेले नव्हते.

1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरवले. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी मनाला स्वस्थता नव्हती. पुढे 1907 साली त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे 8 वर्षांनी त्यांना उमगले, की देवाची कृपा विद्वत्तेने किंवा पुण्याईने कमवायची नसते. ज्या स्थितीत आहोत त्या स्थितीत, रिकाम्या हातांनी त्याच्यापुढे जायचे असते.

लूकच्या शुभवर्तमानातील 18 व्या अध्यायात येशूने हेच एका दाखल्यातून सांगितले आहे. दोघे जण मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी आपल्या उपासांचा आणि दानाचा हिशेब देवाला ऐकवतो. जकातदार दूर उभा राहतो, मान वर करण्याचेही त्याला धैर्य होत नाही. तो फक्त दया मागतो, आणि देवाला मान्य होऊन घरी जातो तो हाच.

नम्रता म्हणजे दुबळेपणा मात्र नव्हे. बाप्तिस्म्यानंतरही रमाबाईंनी इंग्लंडमधील धर्माधिकाऱ्यांचे सारेच म्हणणे मुकाट्याने मान्य केले नाही. जे पटले नाही, त्यावर त्यांनी निर्भीडपणे प्रश्न विचारले. देवापुढे लवणारी मान माणसांच्या धाकाने लवलीच पाहिजे, असे नाही.

आणि खरी श्रद्धा डोळे मिटून बसूनही राहत नाही. 1874 च्या सुमारास रमाबाईंचे आईवडील उपासमारीनेच गेले होते. भुकेची ती ओळख त्या विसरल्या नाहीत. मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना त्यांनी केडगावला आसरा दिला. तेथेच ‘मुक्ती’ उभे राहिले, आणि 1900 च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या बायकामुलींना समजावे म्हणून संस्कृतच्या या पंडितेने हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबल सोप्या मराठीत आणले. 1922 साली मृत्यू येईपर्यंत हे काम त्यांनी सोडले नाही. ज्यांना अक्षरओळखही नव्हती, त्यांच्यासाठी विद्वत्तेने आपली अवघड भाषा बाजूला ठेवली.

प्रार्थनेला बसताना माणूस पुष्कळदा आपली चांगली कामे मोजत बसतो, नाहीतर आपण लायक नाही म्हणून दारातूनच परततो. दोन्ही वेळा त्याची नजर स्वतःवरच असते. ती तेथून उचलून देवाकडे वळवणे, हीच नम्रतेची सुरुवात. पुढे ती नजर शेजारच्या उपाशी माणसाकडेही आपोआप वळते.