प्रथिनाला न शिवणारे निरोधक

निरोधक रसायन म्हटले की कुलूप-किल्लीचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. रेणू नेमक्या प्रथिनात जाऊन अडकतो आणि त्या प्रथिनाचे काम थांबते. चित्र सोयीचे आहे खरे, पण तेवढ्यावर विद्यार्थ्याची बोळवण करणे मला पटत नाही.

मेंदूतील चेतापेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे एनकॅम नावाचे एक प्रथिन आहे. १९७७ साली जेराल्ड एडेलमन यांच्या गटाने ते कोंबडीच्या गर्भाच्या दृष्टिपटलातून वेगळे काढले. गंमत अशी, की गर्भावस्थेत या चिकटवणाऱ्या प्रथिनावरच सायलिक आम्ल या शर्करेच्या लांबच लांब साखळ्या असतात. एकेका साखळीत पन्नासाहून अधिक कड्या आणि प्रत्येक कडीवर एक ऋणभार! सजातीय भार असलेले भेंडाचे दोन गोळे एकमेकांपासून दूर का जातात, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. येथेही तेच प्रतिकर्षण आहे. शिवाय या साखळ्या पाणी धरून फुगतात आणि शेजारच्या पेशीला लांब ठेवतात. त्यामुळे वाढत्या मेंदूत पेशींना सरकायला वाव मिळतो. पुढे बहुतेक भागांतील साखळ्या कमी होतात. स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पससारख्या मोजक्या जागी मात्र त्या टिकून राहतात.

२००१ साली कॅरोलिन बर्टोझी (२०२२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलच्या एक मानकरी) आणि त्यांचे सहकारी यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना एक बदललेली साखर दिली. तिचे नाव एन-ब्युटॅनॉइल मॅनोसमाइन. पेशींनी ती नेहमीचीच समजून तिचे सायलिक आम्ल बनवले. पण ही खोटी कडी साखळीत बसली की पुढची कडी जोडलीच जाईना! साखर देणे थांबवले की साखळ्या परत येत. एनकॅमला कोणी हातही लावला नव्हता. आणि याहून एकच कार्बन कमी असलेली, एन-प्रोपॅनॉइल गट असलेली साखर दिली, तर साखळ्यांना काहीच झाले नाही. एका कार्बनचा एवढा फरक!

याचे महत्त्व प्रयोगशाळेपुरते नाही. न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कर्करोगातील पेशींवरही ह्याच साखळ्या आढळतात, आणि त्या पेशींना पसरायला मदत करतात असे मानले जाते. मग साखळी खुंटवावी, असे कोणालाही वाटेल. पण हिप्पोकॅम्पसमध्येही तीच साखळी आहे, आणि साधे सायलिक आम्ल तर शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीवर असते. खोटी साखर या सगळ्या कारखान्यांत शिरू शकते. म्हणून ‘हे रसायन कशाला अडवते?’ यापेक्षा ‘ते वाटेत आणखी कोणाकोणाला गाठते?’ हा प्रश्न मला मोठा वाटतो. परीक्षेत तो सहसा विचारला जात नाही.

शिक्षकांनी स्थिर विद्युत शिकवताना फळ्यावर दोन पेशी आणि मध्ये ऋणभारांची साखळी काढून पाहावी. मग साखळी पुसावी, आणि पेशी जवळ येतील की दूर जातील, हे वर्गालाच विचारावे.