गटातल्या मुली फाईलच का लिहितात?

प्रकल्पासाठी मुलामुलींचा एकत्र गट केला की पहिल्या दहा मिनिटांत कामं आपोआप वाटली जातात. पक्कड, वायरी, मोटर मुलग्यांकडे. फाईल लिहिणं, तक्ते रंगवणं मुलींकडे, आणि थर्माकोल कापून झाला की वर्ग झाडणंही त्यांच्याचकडे. परीक्षकांसमोर बोलायला पुन्हा मुलगाच. हे कुणी ठरवून करत नाही. म्हणूनच ते बदलायला जड जातं.

पोलादपूर तालुक्यातल्या एका शाळेत आणि अधूनमधून महाडच्या शाळांतून मी अशा गटांबरोबर काम करते. फॉर्मवर माझ्या नावापुढे ‘मार्गदर्शक’ असं लिहिलेलं असतं. १९९३ साली राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद सुरू झाली, तिची कल्पना मला आजही मोलाची वाटते. १० ते १७ वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसरातला एक प्रश्न निवडायचा, स्वतः मोजमाप करायचं, त्यावर उपाय शोधायचा. अमेरिकेत १९७८ साली सुरू झालेल्या ‘ओडिसी ऑफ द माइंड’ या स्पर्धेत तर मोठ्यांनी कल्पना सुचवायची नाही, हातही लावायचा नाही, असा नियमच आहे. आपल्याकडे मात्र शिक्षकच रात्र जागून मॉडेल पुरं करतात आणि मुलं त्याची माहिती पाठ करतात.

मोठ्यांनी ढवळाढवळ करू नये हे मला पटतं. पण मार्गदर्शकाने नुसतं गप्प बसायचं ठरवलं तर काय होतं, हे मी पाहिलं आहे. घरातली कामाची वाटणी जशीच्या तशी गटात येऊन बसते. मीही त्यात सामील होते. आठवीतल्या एका मुलीला पहिल्याच दिवशी मी म्हटलं होतं, “तुझं अक्षर सुंदर आहे, फाईल तू घे.”

त्या वर्षीचा प्रश्न पाण्याचा होता. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डोंगरउतारांवरून तो सावित्रीत आणि पुढे समुद्रात निघून जातो, आणि एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. मुलग्यांनी सौरपंपाचं मॉडेल करायचं ठरवलं. छोटी मोटर, निळं रंगवलेलं पाणी, बटण दाबलं की टाकी भरते. दिसायला झकास. दोन बैठका झाल्यावर ही फाईलवाली मुलगी हळूच म्हणाली, “पण बाई, झऱ्यात पाणीच नसतं. पंप काय ओढणार?”

मग तिने सगळं सांगितलं. पाणी खडकातून थेंबथेंब पाझरतं. दिवसा बायकांची गर्दी असते, म्हणून ती आणि तिची आई पहाटे अंधारात जाऊन बसतात. वाटीने हंडा भरायचा, मग पुढचीची पाळी. रात्रभर जे पाझरतं त्यातलं बरंचसं मातीत जिरून जातं.

मी फाईल तिच्या हातातून काढून घेतली आणि एका मुलाला दिली. तो रुसला. पुढे महिनाभर गटाने एक हंडा भरायला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजला. झऱ्याच्या तोंडाशी दगडी बांधणीचं, वर झाकण असलेलं छोटं टाकं बांधून रात्रीचं पाणी साठवायचं, त्याला खाली तोटी द्यायची आणि पाळ्या लिहून ठेवायच्या, असा उपाय निघाला. त्यात मोटर नव्हती, दिवा नव्हता. पण या प्रश्नाचं मोजमाप तिने आधीपासूनच अंगावर केलेलं होतं, आणि आम्ही तिला समास आखायला बसवलं होतं.

स्पर्धा दूर होती, रात्रीचा मुक्काम होता. घरच्यांनी तिला पाठवलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. सोबत कोण, मुली झोपणार कुठे, रात्री बाथरूमला कुठे जाणार, या आईच्या प्रश्नांना आयोजकांकडेच उत्तर नव्हतं. तिच्या जागी बोलायला तोच फाईलवाला मुलगा उभा राहिला. परीक्षकांनी विचारलं, “पहाटेचं मोजमाप कुणी केलं?” तो म्हणाला, “ती करायची. मी झोपलेला असायचो.” परीक्षक हसले. पुढचा प्रश्न आला, “मॉडेल चालतं का?”

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पाण्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न या मातीत उभा राहिला. इथल्या प्रत्येक प्रदर्शनात त्याचा तक्ता असतो, आणि बहुधा तो मुलींनीच रंगवलेला असतो. जुलै २०२१ मध्ये महाडला पूर आला, तळीये गावावर दरड कोसळली. त्यानंतर दरडींवरचे प्रकल्प वाढले. भिंतीला गेलेली चीर, ओढ्याचं अचानक गढुळलेलं पाणी या खुणा आधी कुणाच्या नजरेला पडतात? दिवसभर घरात आणि ओढ्यावर असणाऱ्या बायकांच्या. त्यांना विचारायला कुणी गेलं का, हे मी प्रत्येक गटाला विचारते.

आता मी काही गोष्टी हट्टाने करते. बैठक शाळेच्या वेळेतच घेते, कारण शाळा सुटल्यावर मुलींना पाणी आणि स्वयंपाक असतो आणि शेवटची एस.टी.ही गाठायची असते. कामं दर आठवड्याला बदलते. फाईल मुलगेही लिहितात, झाडू सगळ्यांच्या हातात येतो. उपाय सुचवत नाही, पण ‘हे काम हिच्याकडेच का?’ हे विचारते. याला ढवळाढवळ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. आयोजकांना माझं सांगणं आहे की बाई सोबतीला आणि मुलींच्या मुक्कामाची नीट सोय, हे पत्रिकेवर पाहुण्यांच्या नावाआधी छापा. ते जमत नसेल तर स्पर्धा तालुक्याच्या गावी, दिवसाउजेडी घ्या.

ती मुलगी आता दहावीत आहे. टाकं अजून बांधलेलं नाही. ग्रामसभेत विषय मांडायचा म्हणून तिने अर्ज लिहिला आहे, तिच्या त्याच सुंदर अक्षरात, आणि या वेळी खाली सही तिची आहे.