टेकडीवरचा इतिहास, टेकडीखालचा इतिहास

नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीन दिवशी तो लोकांना पाहता येतो. आमच्या वस्तीतल्या बायांना घेऊन मी यंदा तिथे गेले होते. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी इथे लढाई झाली. इंग्रज जिंकले आणि मग टेकडीवर ही तटबंदी उभी राहिली. लढाईत पडलेल्या इंग्रज सैनिकांच्या कबरीही तिथे आहेत.

अशा ठिकाणी बायांचा इतिहास कुठे, असे आपण विचारतो तेव्हा एक सोपे उत्तर मिळते: राणीची तसबीर लावा. नागपूरला बाकाबाई आहेत. आप्पासाहेबांना पदच्युत केल्यावर, १८१८ पासून अल्पवयीन तिसऱ्या रघूजींच्या वतीने त्या राज्याच्या पालक होत्या. त्यांचे नाव जरूर सांगावे. पण तेवढ्याने इतिहास मोजण्याचे माप बदलत नाही. शस्त्र किंवा गादी असेल त्याचीच नोंद, हे माप तसेच राहते.

किल्ल्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर गोवारी शहीद स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीच्या सवलती मागत गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनावर निघाला. पोलिसांच्या लाठीमारात आणि चेंगराचेंगरीत ११४ जण मेले. त्यांत बहुतेक बाया आणि मुले होती. त्यांच्या हातात शस्त्र नव्हते. सैनिक मेला तर तो ‘धारातीर्थी पडला’. हक्क मागणारी बाई मेली तर ती ‘चेंगरली’. शब्दच असा की कुणी जबाबदार उरू नये! आणि मागणीचे काय झाले? २०१८ साली उच्च न्यायालयाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव आहे. पण नुसत्या नावाने आठवण टिकत नाही, ती सांगावी लागते. मैत्रिणींनो, मुलामुलींना किल्ला जरूर दाखवा. पण तिथून परस्पर घरी जाऊ नका. खाली उतरून स्मारकापाशी थांबा आणि त्या मोर्चात बाया कशासाठी आल्या होत्या ते सांगा. मोर्चात असलेली एखादी आजी सोबत असेल, तर तिलाच बोलू द्या.