तुळशीपत्रानंतरचा हिशेब

२,९१,९५२ रुपये. वर्षाला.

होळकर संस्थान विलीन झालं तेव्हा खासगीच्या, म्हणजे राणीच्या स्वतंत्र जहागिरीच्या, मिळकती आणि त्यांचं उत्पन्न सरकारजमा झालं. त्या बदल्यात अहिल्याबाईंच्या दानधर्मासाठी सरकारने दर साल, कायमची, एवढी रक्कम बांधून दिली. आकडा संस्थानाच्या १९४८-४९च्या अंदाजपत्रकातला. काशी ते रामेश्वर पसरलेल्या देवळांचा, घाटांचा आणि धर्मशाळांचा खर्च या आकड्यात बसवला गेला. रक्कम बांधली. भाव कोण बांधणार होतं?

दानधर्माचा रोजचा खर्च कायम कसा भागवायचा, हा प्रश्न अहिल्याबाईंपुढेही होता. त्यांचं उत्तर होतं खासगी. १७३४ साली ही जहागीर सासूबाई गौतमाबाईंच्या नावे झाली आणि त्यांच्यामागे सुनेकडे आली. दौलतीचा खजिना वेगळा, खासगीचा वेगळा. खासगीवर बाईंनी तुळशीपत्र ठेवलं, असं परंपरा सांगते. तुळशीपत्र ठेवलं की धन देवाचं झालं. मग ते ना राज्यकर्त्याचं, ना वारसाचं.

त्या धनातून काशीविश्वेश्वर उभा राहिला, गयेचं विष्णुपद उभं राहिलं, वेरूळचं घृष्णेश्वर सावरलं. ही यादी शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने माळव्यातल्या लोकांकडून ऐकून जे टिपून ठेवलं, ते अधिक बोलकं आहे. रोज गोरगरिबांना जेवण. उन्हाळ्यात वाटसरूंना रस्त्यावर पाणी. थंडी सुरू झाली की अंगावर कपडे. दक्षिणेतल्या देवळांत अभिषेकासाठी गंगेचं पाणी. यातलं एकही काम एकदा करून संपणारं नाही. देवळाचा दगड एकदाच बसतो. पुजाऱ्याचा शिधा, समईचं तेल आणि दारी आलेल्या बैराग्याची भाकरी रोज लागते. बाईंची सेवा या ‘रोज’मध्ये होती. खासगी राखली ती त्यासाठीच.

विलीनीकरणात ती जहागीर गेली आणि तिच्या जागी ठरावीक रक्कम आली. १९६२ साली या धर्मादायासाठी विश्वस्त संस्था झाली. देवळं, घाट, धर्मशाळा धरून तिच्या ताब्यातल्या मिळकती अडीचशेच्या घरात. पुढे विश्वस्तांनी मिळकती विकल्याच्या तक्रारी झाल्या. हरिद्वारच्या कुशावर्त घाटाचं प्रकरण त्यातलंच. २०२०मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने विश्वस्तांविरुद्ध कडक निकाल दिला. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातला आर्थिक गुन्हे शाखेच्या चौकशीचा आदेश काढून टाकला. मात्र मध्य प्रदेशचा सार्वजनिक विश्वस्त कायदा या संस्थेला लागू होतो, तिने नोंदणी करावी आणि मिळकतींच्या विक्रीची निबंधकांनी चौकशी करावी, असं बजावलं. म्हणजे बाईंच्या दानाच्या साध्या सरकारी नोंदणीचा आदेश निघायला २०२२ साल उजाडावं लागलं.

विक्रीचा दोष कोणाचा, हे निबंधक ठरवतील. पण गोठवलेल्या रकमेचा दोष सरकारचा आहे, आणि त्याला चौकशीची गरज नाही.

२०२५ हे त्रिशताब्दीचं वर्ष होतं. महाराष्ट्राचं मंत्रिमंडळ बाईंच्या जन्मगावी चौंडीला बसलं, मध्य प्रदेशचं इंदूरच्या राजवाड्यात. चौंडीच्या विकासाला ६८१ कोटी मंजूर झाले. राज्यं वेगळी आहेत, खाती वेगळी आहेत, हे मान्य. जन्मगाव सजावं, हेही मान्य. तरी ६८१ कोटी आणि वर्षाला २,९१,९५२ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एक बाईंच्या स्मारकासाठी आहे. दुसरा बाईंच्याच हातून सुरू झालेल्या कामासाठी होता. स्मारकासाठी आपला हात सैल होतो आणि दिवाबत्तीसाठी मात्र आखडतो. ज्या बाईने स्वतःचं उत्पन्न देवाच्या नावे केलं, तिच्या नावाने हे व्हावं, याचं वाईट वाटतं.

मध्य प्रदेश सरकारने तीन गोष्टी कराव्यात. खासगीच्या प्रत्येक मिळकतीची यादी, तिच्या आजच्या स्थितीसह, लोकांपुढे ठेवावी. विकलेल्या मिळकतींच्या चौकशीचा निकाल जाहीर करावा. आणि वार्षिक रक्कम महागाईशी कायद्याने जोडावी. महाराष्ट्र सरकारनेही पंढरपूरच्या होळकर वाड्यापासून सुरुवात करून आपल्या हद्दीतल्या खासगीच्या वास्तूंच्या नित्य खर्चाचा वाटा उचलावा. ६८१ कोटी देणाऱ्याला हा वाटा जड नाही.